वन्सं, आज खरंच वास आला

वन्सं, वास आला. मागच्या वर्षासारखा नाही, या वेळी खरा आला. आज सकाळी सात वाजता, ओट्यावर बसले होते तेव्हा. आणि पहिला वास कशाचा आला ते कळलं तर तुम्ही पोट धरून हसाल. गटाराचा.

कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण काढून दोन माणसं गाळ उपसत होती. समोरच्या हंसाबेन पदर नाकाला लावून आत पळाल्या. मला आधी वाटलं, डोक्यात काहीतरी होतंय. नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मध्ये, कोणीतरी बोट लावल्यासारखं. मग ते बोट घाण झालं. कुजकं, काळं, ओलं असं काहीतरी आत शिरलं, आणि माझ्या लक्षात आलं की हा वास आहे. मी उठले आणि थेट गटाराजवळ जाऊन उभी राहिले. गाळ काढणारा मला लांब सारत म्हणाला, "बेन, आघां रहो, गंधाय छे." मला त्याला सांगायचं होतं की हो भाऊ, घाण मारतेय, म्हणूनच तर आले. पण बोलता येईना. आज नेमाचा तिसरा दिवस, कानाचा. दुपारी बारापर्यंत मौन.

म्हणजे बघा. जन्मभर मी न बोलणारी, आणि ज्या दिवशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडावंसं वाटलं, त्याच दिवशी तुमचं मौन आडवं आलं. पण मोडलं नाही.

तुमच्या दुकानातल्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. माझी शाळा चौथीत सुटली. तरी वाण्याची यादी, कोल्हापूरच्या मावशींना पत्र, सगळं तुम्ही माझ्याकडूनच लिहून घ्यायचात. "बोलत नाहीस तर लिही तरी," म्हणायचात. होळीनंतर आठ दिवसांनी तुम्ही गेलात. तेव्हापासून माणसं येऊन तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेली आणि मी चहा करत राहिले. एकतीस वर्षं एका घरात राहिलेल्या नणंदेबद्दल चार वाक्यं मला सांगता आली नाहीत. आज मात्र सांगायला इतकं आहे की हात मागे पडतो आहे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर मला ताप आला होता आणि ताप गेला तेव्हा वासही घेऊन गेला. आंबट कळायचं, तिखट कळायचं, पण कोथिंबीर आणि गवत सारखंच. हे फक्त तुम्हाला माहीत होतं. निजामपुऱ्याच्या बेनकडे मी स्वयंपाकाला जाते, तिथे एकदा दाळ तळाला लागली आणि मी कढीपत्ता निवडत शेजारीच उभी. बेन बाहेरच्या खोलीतून धावत आल्या. "शैलाबेन, दाळ बळी गई, तमने वास नथी आवती?" मी सर्दी म्हटलं. सर्दी तरी किती दिवस सांगणार? नाक नसलेल्या बाईला स्वयंपाकाला कोण ठेवेल, या भीतीने मी ह्यांनाही सांगितलं नाही, लेकीला, पूर्वालाही नाही. तुम्हाला सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळी मी नासलेल्या दुधाचा चहा तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही कप बाजूला सारलात आणि विचारलंत, "कधीपासून?"

मग तुमचे उपचार सुरू झाले. रोज सकाळी लवंग, कापूर, ओवा माझ्या नाकापुढे धरायचात. "आला?" मी मान हलवायची. "उद्या येईल." असे पाचेक महिने. तुमचं ते "उद्या येईल" म्हणताना पडलेलं तोंड मला रोज बघावं लागायचं. वास नसल्याचं दुःख मला पुढेपुढे सवयीचं झालं होतं. तुमच्या तोंडाचं होत नव्हतं.

आणि मग आला तुमचा उन्हाळी नेम.

तो कसा सुरू झाला ते तुम्ही मला पन्नासदा सांगितलं असेल. अलकापुरीच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत साड्या उलगडायच्या, ट्यूबलाइटखाली, थंड हवेत. एकदा कोणा गिऱ्हाईक बाईने विचारलं, तुमच्या रस्त्यावरचा बहावा यंदा कसा फुललाय? आणि तुम्हाला सांगता येईना. रोज त्याच्याखालून जात होता तुम्ही. बघायला गेलात तर खाली सगळा पिवळा कचरा पडलेला. "महिनाभर झाड माझ्या डोक्यावर पेटलं होतं, शैला, आणि मी खाली मान घालून घरी येत होते. डोळे कुठे ठेवले होते मी?" त्या वर्षीपासून अक्षयतृतीयेपासून पुढे पाच दिवस, एकेक दिवस एकेका इंद्रियाचा. लोक श्रावणात उपास करतात, तुम्ही वैशाखात पारणं करायचात.

हे चिडवायचे, "ताईच्या डोक्यात ऊन चढलं." तुम्ही म्हणायचात, "चढू दे ने. देवाने पाच दारं दिली आणि तुम्ही लोक उन्हाच्या नावाने पाचही लावून कूलरपुढे झोपता." मला ते पटायचं नाही, खरं सांगते. आपला यावरून वादही व्हायचा, म्हणजे तुम्ही वाद घालायचात आणि मी भांडी घासायची. माझं म्हणणं होतं की देवाचं करायचं तर डोळे मिटून करावं, पोथी वाचावी, जप करावा. पायाला गच्चीचा गारवा लागला तर त्यात कसला देव? एकदाच मी हे तोंडाने बोलले. तेव्हा तुम्ही पूजेचं ताट माझ्यापुढे आणून ठेवलंत. "गंध उगाळतेस, बोटाला गार कोणाच्या लागतं? फूल कोण बघतं? उदबत्ती कोणाच्या नाकात जाते, घंटा कोण ऐकतं? आणि नैवेद्य शेवटी कोण खातं? तो यातलं काही ठेवून घेत नाही. सगळं तुलाच परत देतो. आणि तू घेत नाहीस."

मी ताट उचलून परत देवापुढे ठेवलं. पण त्या वर्षीपासून पहाटे तुमच्याबरोबर गच्चीवर अनवाणी चालायला लागले. पहिला दिवस कातडीचा असायचा. धान्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभं राहायचं. मग तुम्ही माझे डोळे बांधून कापडाच्या चिंध्या हातात द्यायचात. "हे काय?" "सुती." "चूक. पुन्हा हात फिरव. हात शिकव, हात." दुसरा दिवस डोळ्यांचा, दूध उतू जायला येईपर्यंत एकाच वस्तूकडे बघायचं. मी एकदा खलबत्त्याकडे बघत बसले आणि तो आत इतका घासून गुळगुळीत झालाय हे मला पंचवीस वर्षांनी दिसलं.

मागच्या वर्षी पाचव्या दिवशी, नाकाच्या दिवशी, तुम्ही पाच वाट्या मांडल्यात आणि माझ्या डोळ्यांवर तुमचीच ओढणी बांधलीत. पहिली वाटी, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. तुमचा श्वास ऐकू येत होता मला. चौथ्या वाटीला नाकाच्या शेंड्याला काहीतरी गार आणि मऊ लागलं. पाकळी. मला कळलं की मोगरा आहे. पण ते नाकाने नाही सांगितलं, वन्सं. कातडीने सांगितलं. तुम्हीच शिकवलेल्या कातडीने.

मी म्हटलं, "मोगरा."

तुम्ही ओढणी सोडलीत तेव्हा तुमचे डोळे भरलेले होते. "आला? खरंच आला?" आणि मी म्हटलं, "हो, आला."

तुम्ही त्या दिवशी सव्वापट तुपाचा शिरा केलात आणि गल्लीत वाटलात. हंसाबेनना सांगितलंत, "मारी शैलाचं नाक उघडलं." त्यांना कळेना की बंद कधी होतं. मी आत मोरीत जाऊन उभी राहिले. संध्याकाळपर्यंत सांगून टाकू, उद्या सांगू, पुढच्या गुरुवारी सांगू. नाही सांगितलं. एवढ्या शिऱ्यानंतर कसं सांगायचं?

दहा दिवसांनी आपण डभोईला बसने जाऊन राजापुरी कैऱ्या आणल्या. दर वर्षीसारख्या. तुम्ही फोडी करून दिल्यात, मसाला परातीत कालवून ठेवलात आणि देवळात गेलात. "मी येईपर्यंत बरणीत भर," म्हणालात. ओट्यावर एका वाटीत तळलेला हिंगाचा चुरा झाकून ठेवलेला होता. मला वाटलं, हिंग घालायचा राहिलाय. मी तो सगळा लोणच्यात घातला. पापडाच्या पिठासाठी ठेवलेला हिंग होता तो, पाच किलो पिठाचा. लोणच्यात तुम्ही आधीच घातला होता. नाक असलेल्या कोणालाही परातीजवळ उभं राहून ते कळलं असतं. मला आज, वर्षाने कळतंय.

तुम्ही देवळातून आलात. स्वयंपाकघराच्या दारात थबकलात. मी बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधत होते. मी विचारलं, "पापडाचा हिंग कुठे ठेवलात?" तुम्ही किती वेळ उभ्या होतात ते मला आता आठवतंय. तेव्हा वाटलं, चढून आलात म्हणून धाप लागली असेल. मग म्हणालात, "पापडाचा आणते उद्या. छान वास सुटलाय ने लोणच्याला?"

मी म्हटलं, "हो ना, छान सुटलाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याने आणखी दोन किलो कैरी आणून छोटी बरणी घातलीत. "ही घराची. मोठी माझी," म्हणालात, आणि मोठी बरणी उचलून तुमच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलंत. आम्ही सगळे बघत राहिलो. पुढे पूर्वा म्हणायला लागली, आत्याच्या खोलीत हिंगाचा काय वास येतो. तुम्ही सांगितलंत, पोटाचं औषध घेते, हिंगाष्टक. रोज दुपारी जेवायला बसायच्या आधी तुम्ही खोलीत जाऊन ताटलीत दोन फोडी घेऊन यायचात. "छान झालंय," म्हणायचात, माझ्याकडे बघून. पण कोणाला देत नव्हतात.

मला राग आला, वन्सं. संक्रांतीला पाहुणे आले, छोटी बरणी संपली होती, मी मोठीतलं थोडं मागितलं. तुम्ही नाही म्हणालात. "त्यातलं तुला नाही मिळायचं. बस ने." एकतीस वर्षांत मी तुम्हाला उलटून बोलले ते त्या दिवशी. "मी भरलेली बरणी, आणि कुलूप माझ्यावर? म्हातारपणी इतकं आपमतलबी होऊ नये माणसाने." तुम्ही फक्त हसलात. मी दोन दिवस बोलले नाही. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण एरवी तरी मी कुठे बोलते. तुमच्या आलं. "साधं न बोलणं वेगळं आणि हे वेगळं," म्हणालात. "राग गेला की सांग." राग गेला होता. सांगायचं राहिलं. मग होळी आली.

यंदा घरात सण नाही, असं ह्यांनी सांगितलं. पण नेम म्हणजे सण नव्हे. मी कोणाला न सांगता सुरू केला. बेन सुट्टीत गावी गेल्या आहेत, त्यामुळे सकाळ मोकळी. परवा पहाटे गच्चीवर चालले, काल तुमच्या चष्म्याकडे दूध उतू जाईपर्यंत बघितलं, आणि उतूही जाऊ दिलं. आज कान. ओट्यावर बसून आवाज मोजत होते, भाजीवाल्याची हाक, कबुतरं, हंसाबेनचा कुकर. आणि मधेच नाक उठलं. त्याचा दिवस पाचवा, अजून यायचाय. त्याला धीर निघाला नाही.

गटारावरून मी घरात आले आणि सगळ्याला नाक लावत सुटले. काय काय सांगू? भिजवलेली मटकी. माठाचं बूड. पूर्वाच्या केसांना लावायचं कसलंसं तेल, त्याला आंब्याचा वास आहे, आणि इतके दिवस मला कोणी सांगितलं नाही. तव्याला जुन्या पोळीचा वास आहे. काडेपेटी न पेटवतासुद्धा वास येतो. ह्यांचा शर्ट धुवायला घ्यायला हवा होता, तो तीन वेळा हुंगला. हे दारात उभे. "काय गं, काय शोधतेस? उंदीर मेलाय का?" मी मान हलवली. "दात दुखतोय?" मी पुन्हा मान हलवली आणि हसले. हे पूर्वाला म्हणाले, "तुझ्या आईला बघ, ताईसारखं ऊन चढलं." मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच शर्ट माझ्या हातातून काढून घेतला, कारण मी हसता हसता रडत होते.

मग तुमच्या खोलीत गेले. कपाटाची किल्ली आता माझ्याकडे आहे. दीड महिना उघडलं नव्हतं. मला तुमचा वास हवा होता. साड्यांत असेल, खोबरेल आणि बाम आणि दुकानातल्या नव्या कापडाचा, जो तुम्ही काम सोडल्यावरही तुमच्या अंगाला होता. दार उघडलं आणि हिंग अंगावर आला.

म्हणजे कसा सांगू. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या साड्यांना हिंग. रुमालांना हिंग. खालच्या कप्प्यात बरणी. दादरा सोडला आणि मी दोन पावलं मागे झाले. वन्सं, ते लोणचं नाही. कैरीच्या फोडी घातलेला हिंग आहे तो. बरणी तळाला गेली होती. दहा महिने, रोज दोन फोडी.

मी जमिनीवर बसले. सगळं एकदमच कळलं, दाराशी थबकलात ते, "छान वास सुटलाय ने" ते, छोटी बरणी, कुलूप, हिंगाष्टक. मी खोटं बोलले हे तुम्हाला त्या दिवशी दारातच कळलं होतं. आणि फेकून दिलं असतं तर मला कळलं असतं की तुम्हाला कळलं. ताटात कोणाला वाढलं असतं तर ह्यांनी पहिल्या घासाला विचारलं असतं, आणि माझं इतक्या दिवसांचं लपवणं सगळ्यांपुढे उघडं पडलं असतं. म्हणून तुम्ही ते कुलपात ठेवलंत आणि एकट्या खात राहिलात. आणि मी तुम्हाला आपमतलबी म्हटलं, आणि तुम्ही हसलात.

बारा वाजेपर्यंत मी तिथेच बसले. बाराचे ठोके संपले तेव्हा बरणी कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आले. हे आणि पूर्वा पाटावर बसली होती. मी म्हटलं, "मला वास येतो."

"कशाचा?" हे म्हणाले.

"सगळ्याचा."

पूर्वा म्हणाली, "एटले? म्हणजे आधी नव्हता येत?"

मग मी सांगितलं. सगळं, तापापासून शिऱ्यापर्यंत आणि हिंगापर्यंत. मध्ये न थांबता. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. ह्यांनी ताट जरा पुढे सारलं. मग म्हणाले, "रोज सकाळी तुम्ही दोघी नाकाशी काय करता मला कळायचं नाही. मला वाटायचं, ताई तपकीर ओढायला लागली आणि तुलाही लावली." पूर्वाला आधी हसू फुटलं, मग ह्यांना. मग हे उठून हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि लवकर आले नाहीत. बहीण होतात तुम्ही त्यांची.

पूर्वाने बरणीत नाक घातलं. "अरे, हाच तो. आत्याच्या खोलीतला." जरा थांबून म्हणाली, "आत्याने एकदासुद्धा तोंड वाकडं नाही केलं, मम्मी."

निजामपुऱ्याच्या बेन आल्या की त्यांनाही सांगणार आहे. ठेवतील तर ठेवतील. परवा नाकाचा दिवस आहे. पाच वाट्या मी मांडीन आणि डोळे पूर्वाचे बांधीन. एका वाटीत हे लोणचं असेल, ती लगेच ओळखेल.

बरणी आता स्वयंपाकघरात फळीवर आहे, सगळ्यांना दिसेल अशी. मुरून बरं झालं असेल असं मला वाटलं होतं. नाही झालं. लोणचं खरंच वाईट झालंय, वन्सं. आज जेवताना मी दोन फोडी खाल्ल्या. उद्याही खाणार आहे.